हर्टफर्डच्या चोपड्या आणि बाळाचें वजन

मूल जन्मल्याची वार्ता घरांत पोंचली कीं पहिला प्रश्न निघतो तो 'मुलगा कीं मुलगी' हा, आणि दुसरा 'वजन किती' हा. यांतील पहिला प्रश्न सनातन आहे; दुसरा मात्र वाटतो तितका जुना नाहीं. आजीबाईंच्या राज्यांत बाळसें डोळ्यांनीं जोखलें जाई. मनगटाला वळी पडली, मांड्या भरल्या, गालांना तकाकी आली, म्हणजे मूल अंग धरूं लागलें, एवढ्यावर घरच्या माणसांचें समाधान होई. तान्ह्या मुलाला तागडींत घालणें पुष्कळ घरांत नकोसेंच वाटे. दृष्ट लागेल ही धास्ती. नवसाच्या तुलेची गोष्ट वेगळी, कारण तेथें मोजावयाचा असतो तो गूळ, मूल नव्हे.

युरोपांतही फारशी निराळी स्थिति नव्हती. अठराव्या शतकापर्यंतच्या वैद्यकग्रंथांत नवजात बालकाचें वजन वास्तविकाहून पुष्कळच फुगवून सांगितलेलें आढळतें. कारण कोणी मोजून पाहिलेंच नव्हतें. गटिंगेन येथील प्रसूतिशास्त्राचे अध्यापक योहान रोएडरर यांनीं १७५३ च्या सुमारास मुलें खरोखरीच तराजूंत घातलीं, तेव्हां तीं सहा-सात पौंडांचींच भरलीं. पण मूल एकदां तराजूंत घालणें निराळें आणि तेंच मूल आठवड्यामागून आठवडे तराजूवर आणणें निराळें. हें दुसरें काम पॅरिस शहरांत प्येर ब्यूदँ यांनीं १८९२ सालीं शारिते रुग्णालयांत आरंभिलें. बाळंतीण घरीं गेली म्हणजे वैद्याचें कर्तव्य संपलें, ही समजूत त्यांनीं मोडली. आयांनीं ठरलेल्या दिवशीं मुलाला घेऊन यावें, कांट्यावर ठेवावें, आणि वजनाचा आंकडा पाहून अंगावरचें दूध पुरतें कीं वरचें निर्जंतुक दूध द्यावयाचें हें ठरावें, असा त्यांचा क्रम होता. दोन वर्षांनीं फेकां या बंदरांत लेओं द्युफूर यांनीं 'दुधाचा थेंब' या नांवाची संस्था काढली, आणि तिच्या धर्तीवर ठिकठिकाणीं बालदुग्धालयें निघालीं. या सर्व खटाटोपांत वजनाला एकच अर्थ होता. तें वाढलें तर मूल वांचणार. थांबलें तर मूल जाणार.

इंग्लंडांत या प्रश्नाकडे लक्ष वेधलें तें एका युद्धानें. १८९९ ते १९०२ या काळांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं लढाई जुंपली, आणि भरतीसाठीं आलेल्या शहरी तरुणांपैकीं शेंकडों जण उंचीनें, छातीनें, दांतांनीं नापास होऊं लागले. राष्ट्राची शरीरसंपत्ति खालावत आहे काय, हें पाहण्यासाठीं सरकारनें समिति नेमली. तिचा अहवाल १९०४ सालीं निघाला. त्या सुमारास इंग्लंडांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सव्वाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत दगावत. जीं मुलें वांचत तीं अशक्त राहिलीं, तर उद्यां सैन्यांत आणि कारखान्यांत माणसें कोठून यावयाचीं, ही खरी चिंता. आई ज्या मायेनें मुलाकडे पाहते तिचा लवलेश या चिंतेंत नव्हता. परंतु हेतु कसाही असो, त्यांतून काम चांगलें निपजलें.

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर नांवाचा परगणा आहे. तेथें एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाई मुख्य आरोग्यसेविका व सुइणींच्या तपासनीस होत्या. परगण्यांत या पदावर आलेल्या त्या पहिल्याच. बाईंनीं शिकलेल्या परिचारिकांचें एक मोठें दळ उभें केलें. प्रसूतीच्या वेळीं सुईण हजर राही. मूल जन्मतांच ती त्याचें वजन करून कार्डावर टिपी. पुढें वर्षभर आरोग्यसेविका अधूनमधून घरीं जाई, आईला चार हिताच्या गोष्टी सांगे, आणि मूल वर्षाचें झालें कीं पुन्हां त्याचें वजन करी. हीं कार्डें हर्टफर्डच्या कचेरींत येत व तेथें तीं मोठ्या चोपड्यांत सुवाच्य अक्षरांत उतरून घेत. नांव, जन्मतिथि, जन्मवेळचें वजन, दूध आईचें कीं बाटलीचें, देवी काढल्या कीं नाहीं, वर्षाच्या वेळीं दांत किती, वजन किती, असे रकाने त्यांत असत. १९११ पासून पुढें तीसपेक्षां अधिक वर्षें हा परिपाठ चालला. राजे बदलले, दोन महायुद्धें झालीं. पण हर्टफर्डशायरमध्यें जन्मणारें मूल तराजूंत बसण्यावांचून राहिलें नाहीं.

अशा कामाला कीर्ति मिळत नाहीं. थंडीच्या दिवसांत चिखल तुडवीत खेड्यांतल्या झोपडीपर्यंत जावयाचें, रडणाऱ्या मुलाला झोळींत घालून कांटा स्थिर होण्याची वाट पाहावयाची, आणि पौंड-औंस लिहून पुढच्या घरीं जावयाचें! या नोंदींचा पुढें कोणास उपयोग होईल ही कल्पना त्या बायकांच्या स्वप्नांतही नसेल. मुलें जगावीं एवढ्यासाठीं त्या वजन करीत होत्या. पुढें मुलें जगूं लागलीं, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची नवी घडी बसली, आणि चोपड्या धूळ खात पडल्या.

त्यांवरची धूळ झटकली ती साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं. त्यांच्यापुढें एक कोडें होतें. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी असणारांचा रोग, असें सर्वत्र मानीत. देश सधन झाला कीं हा रोग बळावतो, हें खरेंही होतें. मग इंग्लंड-वेल्सच्या नकाशावर या रोगानें अधिक माणसें मरतात तीं नेमक्या दरिद्री भागांत कां? १९८६ सालीं बार्कर व त्यांचे सहकारी क्लाइव्ह ऑस्मंड यांनीं देशाच्या २१२ विभागांचे आंकडे समोरासमोर ठेवले. एका बाजूस १९२१ ते १९२५ या वर्षांतील बालमृत्यु. दुसऱ्या बाजूस १९६८ ते १९७८ या काळांतील हृदयविकाराचे मृत्यु. जेथें पूर्वीं मुलें अधिक मेलीं होतीं, तेथेंच पुढें प्रौढ माणसें हृदयविकारानें अधिक मरत होतीं. जणूं ज्या दारिद्र्यानें एका मुलाला पाळण्यांतच नेलें, त्यानेंच त्याच्या वांचलेल्या भावंडाच्या अंगावर कांहीं खूण करून ठेवली होती.

परंतु नकाशावरून न्याय देतां येत नाहीं. अमुक माणूस जन्मला तेव्हां केवढा होता आणि तो मेला कशानें, हें एकाच माणसाविषयीं कळल्याशिवाय पुरावा पुरा होत नाहीं. म्हणून देशभर जुन्या दप्तरांचा शोध सुरू झाला, आणि त्यांत हर्टफर्डच्या चोपड्या हातीं लागल्या. त्यांतील बालकांचा माग काढावयाचा तर राष्ट्रीय नोंदणीच्या कचेरींतून नांवें जुळवीत बसणें भाग होतें. येथें एक मौजेची अडचण आली. मुलींचें आडनांव लग्नानंतर बदलतें, त्यामुळें त्या चटकन् सांपडेनात. आरंभीचें संशोधन केवळ पुरुषांवरच करावें लागलें.

तें १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. १९११ ते १९३० या काळांत परगण्याच्या सहा भागांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांत विचार केलेला होता. शेंकडा ९२ हून अधिक जण आईच्या दुधावर वाढलेले होते. एकंदर देशांतील हृदयविकाराचें मृत्युमान १०० धरलें, तर वर्षाचे असतांना ज्यांचें वजन १८ पौंड, म्हणजे सुमारें सव्वाआठ किलो, किंवा त्याहून कमी होतें, त्यांचें मृत्युमान १११ भरलें. आणि ज्यांचें वजन २७ पौंड, म्हणजे सव्वाबारा किलो, किंवा अधिक होतें, त्यांचें अवघें ४२. मधल्या वजनाचीं माणसें मधल्या पायऱ्यांवर होतीं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं कोणा अनाम बाईनें टिपलेला आंकडा माणसाच्या मरणाविषयीं बोलूं लागला होता.

आणखी दोन वर्षांनीं त्याच परगण्यांतील हयात वृद्धांस साखरेचें पाणी पाजून त्यांचें रक्त तपासलें. वर्षाच्या वेळीं १८ पौंडांच्या आंत असलेले २३ जण त्यांत होते. त्यांपैकीं चौघांस मधुमेह निघाला व सहा जण त्याच्या उंबरठ्यावर होते. २७ पौंडांवरील २४ जणांत मधुमेही एकही नव्हता, उंबरठ्यावरचे तिघे होते. २३ आणि २४ या संख्या लहान आहेत, हें मान्य केलें पाहिजे. त्या वेळच्या टीकाकारांनीं तेंच बोट ठेविलें. गरिबाघरीं मूल हलकें जन्मतें आणि तेंच पुढें धुराच्या गल्लींत राहतें, विडी ओढतें, हलकें खातें. मग दोष वजनाचा कीं दारिद्र्याचा, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. पण पुढें १९९३ सालीं दहा हजारांवर पुरुष आणि साडेपांच हजारांवर स्त्रिया यांचा हिशेब झाला, तेव्हां जन्मवजनाचा संबंध दोघांतही टिकला. वर्षाच्या वजनाचा संबंध मात्र पुरुषांतच ठळक दिसला, स्त्रियांत दिसला नाहीं.

याची उपपत्ति निकोलस हेल्स आणि बार्कर यांनीं १९९२ सालीं मांडली, ती काटकसरी गृहिणीच्या उदाहरणानें चटकन् समजते. पोटांतल्या जीवाला अन्न कमी पडलें म्हणजे तो मेंदूचा वांटा राखून ठेवतो आणि स्वादुपिंड, यकृत, स्नायु यांच्या वांट्यांत काटछांट करतो. मूत्रपिंडांतील गाळण्यांची संख्या तर जन्मापूर्वींच ठरून जाते. पुढें कितीही तूप-लोणी खाल्लें तरी ती वाढत नाहीं. अशा काटकसरीवर घडलेलें शरीर दुष्काळांत निभावतें. त्याला पुढें सुकाळ भेटला म्हणजेच पंचाईत होते.

येथवर वाचून एखादी आजी समाधानानें म्हणेल, कीं मूल गुटगुटीत असावें हेंच खरें. तिच्या या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीं आणखी पंधरा वर्षें लागलीं. हर्टफर्डच्या चोपड्यांचा मोठा दोष असा, कीं त्यांत दोनच वजनें आहेत: एक जन्माचें, दुसरें वर्षाचें. पुढें मूल कसें वाढलें याविषयीं त्या मुक्या आहेत. फिनलंडच्या राजधानींत, हेलसिंकी येथें, बालकल्याण-केंद्रांच्या आणि शाळांच्या नोंदी सलग मिळाल्या. १९३४ ते १९४४ मध्यें जन्मलेल्या ८,७६० जणांचा तो वृत्तांत २००५ सालीं निघाला. ज्यांस पुढें हृदयविकार झाला, तीं मुलें जन्मतः लहान होतीं आणि दुसऱ्या वर्षीं कृश होतीं. पण त्यानंतर त्यांचें वजन उंचीस मागें टाकून भराभर चढलें होतें. म्हणजे केवळ कृश राहणें एवढीच गोष्ट नव्हती.

हीच हकीकत आणखी स्पष्टपणें सांगितली ती हिंदुस्थानांतल्या मुलांनीं. दक्षिण दिल्लींतील बारा चौरस किलोमीटरांच्या वस्तींत १९६९ ते १९७२ या काळांत जन्मलेलीं मुलें डॉ. संतोष भार्गव व त्यांचे सहकारी यांनीं दर तीन ते सहा महिन्यांनीं तोललीं व मापलीं, आणि हा क्रम मुलें पंधरा-वीस वर्षांचीं होईपर्यंत राखला. अशी चिकाटी आपल्या देशांत विरळा. त्यांपैकीं १,४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे असतांना पुन्हां तपासले. त्यांचा वृत्तांत २००४ सालीं आला. ज्यांस इतक्या तरुण वयांत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, तीं दोन वर्षांपर्यंत सडपातळ मुलें होतीं. पुढें त्यांचें उंचीच्या मानानें असलेलें वजन इतरांच्या आधींच वर वळलें आणि चढत राहिलें. चमत्कार असा, कीं बाराव्या वर्षीं त्यांतील एकही मूल लठ्ठ म्हणावें असें नव्हतें. शाळेच्या छायाचित्रांत तीं इतर मुलांसारखींच दिसलीं असतील. हातीं जुना तक्ता नसता, तर कोणासही संशय आला नसता.

पुण्यांत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं त्याहून आधीं लहान मुलांतच हा शोध चालविला होता. त्यांच्या रुग्णालयांत जन्मलेल्या ३७९ चार वर्षांच्या मुलांस साखरेचें पाणी देऊन रक्त तपासलें, तेव्हां हलक्या जन्मवजनाच्या मुलांत अर्ध्या तासानंतरची साखर अधिक आढळली. हें १९९५ सालचें. मग आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी झाली व १९९९ सालीं तिचा निष्कर्ष निघाला. इन्सुलिन आपलें काम नीट करूं न शकण्याचीं लक्षणें कोणत्या मुलांत सर्वांत वाईट होतीं? जन्मतः हलकीं असून आठव्या वर्षीं अंगानें भरलेलीं जीं मुलें, त्यांच्यांत. घरीं ज्यांच्याकडे बोट दाखवून 'केवढेंसें होतें आणि पाहा आतां कसें सुधारलें' असें कौतुकानें म्हणावें, तींच हीं मुलें. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धेंत पारितोषिक देणाऱ्या परीक्षकांनीं ही गोष्ट जरूर वाचावी.

मग वाढावें तरी केव्हां? पहिल्या वर्षांत वाढलेलें बरें, असें हर्टफर्ड सांगतें. ब्राझील, ग्वाटेमाला, हिंदुस्थान, फिलिपाइन्स आणि दक्षिण आफ्रिका या पांच देशांतील नोंदी एकत्र करून २०१३ सालीं जो हिशेब मांडला, त्याचाही रोख तोच आहे. पहिल्या दोन वर्षांत ज्यांची उंची झपाट्यानें वाढली, तीं मुलें पुढें उंच झालीं आणि शाळेंतही पुढें गेलीं; दोन वर्षांनंतर उंचीला सोडून केवळ वजनच वाढलें, तर तें मेदाच्या रूपानें अंगावर राहिलें. पण ब्रिस्टल शहराच्या परिसरांतील मुलांचा २००० सालचा वृत्तांत याच्याशीं सर्वस्वीं जुळत नाहीं. तेथें पहिल्या दोन वर्षांतच झपाट्यानें वजन भरून काढणारीं मुलें पांचव्या वर्षीं इतरांहून मेदयुक्त व पोटानें मोठीं निघालीं. अन्नाचा तुटवडा असलेल्या देशांतलें मूल आणि भरल्या घरांतलें मूल यांना एकच नियम लावूं नये, एवढें तरी यावरून ठरतें. तराजूचाही दोष आहे. मूल लांबीनें वाढलें, स्नायूनें वाढलें कीं मेदानें, हें त्याला सांगतां येत नाहीं. तो फक्त ओझें जाणतो.

तराजूच्या शेजारीं लावलेला तक्ताही कधीं कधीं फसवितो. डॉ. डेव्हिड मॉर्ली यांनीं नायजेरियांतील इमेसी-इले या गांवीं आरोग्याच्या वाटेचा तक्ता सिद्ध केला, तेव्हांपासून आईच्या हातीं कार्ड आलें आणि वर चढणारी रेघ म्हणजे निरोगी मूल ही खूण खेडोपाडीं पोंचली. १९७५ सालीं आपल्याकडे निघालेल्या अंगणवाड्यांनींही तीच रीत उचलली. त्या रेघेनें लाखों मुलांचें कुपोषण वेळीं उघडकीस आणलें, हें तिचें श्रेय कोणी हिरावूं नये. मात्र जगभर पुष्कळ वर्षें प्रमाण मानलेला तान्ह्या मुलांचा तक्ता अमेरिकेंतील ओहायो येथील अशा मुलांवरून काढलेला होता, कीं ज्यांतील बहुतेकांस बाटलीचें दूध मिळे. बाटलीवरचीं मुलें वर्षाच्या उत्तरार्धांत आईच्या दुधावरच्या मुलांहून जड भरतात. परिणाम असा झाला, कीं अंगावर पिणारें सुदृढ मूल तीन-चार महिन्यांनंतर तक्त्यावर मागें पडलेलें दिसे, आणि आईस सांगण्यांत येई, 'तुमचें दूध पुरत नाहीं, वरचें सुरू करा.' किती आयांचें दूध या एका रेघेपायीं आटलें असेल याची गणती नाहीं. अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें सहा देशांतील सुमारें साडेआठ हजार मुलें मोजून २००६ सालीं नवे तक्ते काढले. त्यांत दक्षिण दिल्लींतील मुलेंही होतीं, आणि तान्हीं मुलें आईच्या दुधावरचीं होतीं. त्या तक्त्याप्रमाणें मुलग्याचें मधलें वजन जन्मतः ३.३ किलो आणि वर्षाच्या वेळीं ९.६ किलो असतें, मुलीचें ३.२ आणि ८.९.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं जें काम आरंभिलें, तें जन्माच्याही मागें गेलें. त्यांनीं आयांपासूनच मोजावयास सुरुवात केली. या शेतकरी बायका सरासरीनें बेचाळीस किलोंच्या आसपास. पाणी आणणें, खुरपणी, जळण हीं कामें गरोदरपणांतही सुटलेलीं नाहींत. त्यांचीं पूर्ण दिवसांचीं बाळें सरासरीनें २.७ किलोंचीं भरलीं, तर साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. परंतु चिमट्यानें कातडीची जाडी मोजली तेव्हां विलक्षण प्रकार दिसला. पुण्याचें बाळ स्नायूनें आणि पोटांतल्या इंद्रियांनीं बरेंच लहान होतें. पाठीवरचा मेद मात्र त्यानें जवळ जवळ तितकाच सांभाळला होता. दिसावयास किरकोळ, आंतून मेदाळ! तराजूवर या बाळाला आपण केवळ 'हलकें' म्हणून मोकळे झालों असतों.

ज्या आयांच्या जेवणांत हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळें अधिक वेळां येत, त्यांचीं बाळें मोठीं होतीं, हेंही त्याच नोंदींतून निघालें. सहा खेड्यांतलीं तीं मुलें मोठीं झाल्यावर २०१२ पासून त्यांतील अनेकांस, मुलग्यांस आणि मुलींसही, लग्नापूर्वींच ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यें देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. हर्टफर्डला मुली लग्नानंतर हरवल्या होत्या. येथें सासरीं गेलेल्या मुलींचा माग सोडला नाहीं; त्यांना मुलें झालीं तेव्हां त्या बाळांचींही वजनें घेतलीं गेलीं, आणि आजीच्या व आईच्या आंकड्यांच्या जोडीला तीं लिहून ठेवण्यांत आलीं.